पाच पंच आणि सहावी

त्या वर्षीच्या संक्रांतीला कराडच्या 'कोयनातीर' सोसायटीत वाण म्हणून ना वाट्या लुटल्या गेल्या, ना चमचे, ना प्लॅस्टिकच्या डब्या. बायकांनी एकमेकींना किल्ल्यांचे वाटे दिले. हळदीकुंकू लावायचं, हातावर तिळगूळ ठेवायचा आणि आपला मोबाइल समोरचीच्या मोबाइलला टेकवायचा. टिंग असा आवाज झाला की समजायचं, हिनं आपल्या तिजोरीच्या किल्लीचा एक वाटा तिच्या हवाली केला. खरं तर हा प्रकार चारचौघांत करायचाच नसतो. कुणाला वाटा दिला ते गुपित ठेवा, असं कंपनीनं ठळक अक्षरांत बजावलं होतं. पण आपल्याकडं कुणाला काही दिलं आणि ते चार जणींनी पाहिलं नाही, तर दिल्यासारखं वाटतच नाही, त्याला कोण काय करणार!

हेमांगी घोरपडे सोफ्याच्या कडेला बसून ते टिंग टिंग ऐकत होती आणि मनातल्या मनात खूश होती. का नसणार? ही तिजोरी सोसायटीत आणली कुणी? तिनंच.

झालं होतं असं, की आदल्या वर्षी पासवर्डांची ती प्रचंड चोरी झाली. एका रात्रीत निम्म्या देशाचे पासवर्ड बाजारात आले आणि सरकारनं पासवर्ड हा प्रकारच मोडीत काढला. बँक, दवाखाना, गॅस, जमिनीचे उतारे, सगळं आता ज्याच्या त्याच्या डिजिटल तिजोरीतून उघडायचं. तिजोरी कुठल्या कंपनीची घ्यायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. सोसायटीतले लोक बावरून गेले. हेमांगी तंत्रनिकेतनात संगणक शिकवायची, म्हणून सगळे तिच्याकडं आले. तिनं सोसायटीच्या हॉलमध्ये सभाच घेतली.

"ही पहिली कंपनी तिजोरी फुकट देते," ती म्हणाली, "पण हिचं पोट कशावर चालतं, ते आधी विचारा. ही दुसरी दिसायला देखणी आहे. आणि तुम्ही किल्ली हरवलीत तर म्हणते, आम्ही उघडून देऊ. म्हणजे किल्ली तिच्याकडंही आहे! मग ती तिजोरी तुमची कशी? ही तिसरी, 'निःशंक'. तुमच्या वस्तू हिच्याकडंच राहणार, क्लाउडवर, म्हणजे कुठल्या तरी गावातल्या परक्या कॉम्प्युटरवर. पण त्या तुमच्या फोनमधून निघतानाच कुलूपबंद होऊन निघतात. कंपनीला आत काय आहे ते दिसतच नाही."

"आणि आपणच किल्ली विसरलो तर?" तळमजल्यावरच्या माने काकूंनी विचारलं.

"तर कंपनीच्या पाया पडूनही उपयोग नाही. म्हणून किल्लीचे पाच वाटे करायचे आणि विश्वासातल्या पाच माणसांना द्यायचे. ते आपले पंच. पाचातले तिघं एक झाले, तरच तिजोरी उघडते."

"मग हे खाली सहावी व्यक्ती म्हणून काय लिहिलंय गं?"

"तो पहारेकरी. त्याच्याकडं किल्ली नसते, पण पंचांनी तिजोरी उघडायला घेतली की त्याला निरोप जातो. त्यानं हो म्हटल्याशिवाय उघडत नाही. आणि गंमत म्हणजे, तोवर आपण पहारेकरी आहोत हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. काकू, उगाच गुंता आहे तो. रिकामा सोडा तो रकाना." सगळ्यांनी माना डोलावल्या.

तर अशी ही हेमांगी. हळदीकुंकवाला अर्ध्या सोसायटीनं तिच्या मोबाइलला मोबाइल टेकवला होता. पण तिचं सगळं लक्ष शलाकाकडं होतं. शलाका जाधव, समोरच्या फ्लॅटमधली, तिची जिवाभावाची मैत्रीण. मुलं लहान असल्यापासून दोघींचा दुपारचा चहा एकत्र. हेमांगीनं आपला पहिला वाटा शलाकालाच दिला होता, तोही सर्वांसमोर, मिठी मारून.

शलाका तबक घेऊन एकेकीपुढं थांबत आली. माने काकू, टिंग. पलीकडची सुजाता, टिंग. मग ती हेमांगीपुढं आली, हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, हसली आणि पुढं गेली. पुढं बसली होती रेवती कांबळी, दिवाळीत कुडाळहून राहायला आलेली. नीट ओळखीचीही नाही अजून. तिच्या मोबाइलला शलाकाचा मोबाइल टेकला. टिंग!

हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं हातातला तिळगूळ पर्समध्ये कोंबला आणि डोकं दुखतंय म्हणून तिथून उठली.

"तू संशयी नवऱ्यालाही लाजवशील इतकी जळतेस," घरी तिचा नवरा प्रसन्न म्हणाला. तो कांदा चिरत होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. "अगं, एक वाटा नाही दिला तर काय झालं?"

"काय झालं? त्या रेवतीला दिला! ती येऊन झालेत किती दिवस? सोलकढी पाजली की झाली का विश्वासू?"

"तुला चांगली लागली होती सोलकढी."

"प्रसन्न, तू गप्प बस."

त्याच संध्याकाळी तिनं 'निःशंक' मोबाइलवरून काढून टाकलं. 'तुमच्यावर विसंबलेल्यांना अडचण येऊ शकते' अशी सूचना आली, तीही तिनं वाचली नाही. अर्ध्या सोसायटीचे वाटे आपल्याकडं आहेत हे त्या रागात तिच्या डोक्यातच आलं नाही. आणि गेली कुठं? तर त्या दुसऱ्या देखण्या कंपनीकडं, जिला भर सभेत तिनंच नाक मुरडलं होतं. मत्सर माणसाला असा मूर्ख बनवतो.

पुढचे काही महिने ती रेवतीला पाण्यात पाहत राहिली. रेवतीच्या कुंड्यांचं पाणी जिन्यात येतं म्हणून तक्रार केली. पाचगणीच्या सहलीच्या यादीतून तिचं नाव गळलं, ते आपोआप गळलं नव्हतं. आणि एकदा भाजी घेताना सुजाताशी बोलता बोलता ती म्हणून गेली, "जपून हं, ती लोकांच्या तिजोऱ्यांत डोकावते म्हणे." ही अफवा जिना चढून वरपर्यंत गेली आणि बायका रेवतीला बघून मोबाइल उलटे ठेवू लागल्या. शलाका दोनतीनदा चहाला बोलवायला आली. हेमांगीनं पेपर तपासायचे आहेत, म्हणून सांगितलं. पेपर होतेच म्हणा, पण शलाकाच्या घरातून रेवतीच्या हसण्याचा आवाज यायचा तेव्हा एकही गुण तिच्या हातून धड दिला जात नव्हता.

मग एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात रेवती. डोक्यावर हेल्मेट तसंच, श्वास लागलेला.

"हेमांगीताई, तुमचं 'निःशंक' कुठंय?"

"का? तुला काय करायचंय?"

"शलाकाताई दवाखान्यात आहेत. बाथरूममध्ये पडल्या, डोक्यात रक्तस्राव झालाय. शुद्ध नाही."

हेमांगीनं दाराची चौकट धरली. सकाळी खाली ॲम्ब्युलन्सचा आवाज आला होता. कुणाला काय झालं असेल, असं म्हणून तिनं चहाचा घोट घेतला होता.

"त्यांच्या डोक्यात एक बारीक यंत्र बसवलेलं आहे," रेवती घाईघाईनं सांगत होती. "फिट येऊ लागली की मेंदूला आवरणारं. यंत्र चालू असताना एमआरआय करता येत नाही, आणि एमआरआयशिवाय डॉक्टर डोकं उघडायला तयार नाहीत. यंत्र झोपवायचा कोड फक्त त्यांच्या तिजोरीत आहे. नवीन कायद्यानं यंत्राच्या कंपनीलासुद्धा तो ठेवता येत नाही ना."

"यंत्र? शलाकाच्या डोक्यात?" हेमांगीचा आवाज चिरका झाला. "आणि हे तुला माहीत होतं?"

"मलाही आत्ता कळलं. फक्त विक्रांतदादांना माहीत होतं." विक्रांत म्हणजे शलाकाचा नवरा. "ताई, ऐका ना. दादा, मी आणि माने काकू, तिघांनी वाटे दिले. तरी तिजोरी उघडत नाही. पहारेकऱ्याची परवानगी हवी म्हणते. पहारेकरी तुम्ही आहात."

"कोण?"

"तुम्ही! त्यांनी तुम्हालाच नेमलंय. तासाभरापासून तुम्हाला निरोप जातोय आणि तुम्ही त्यावर नाहीच. पहारेकऱ्याचं उत्तर आलं नाही, तर उद्या सकाळपर्यंत तिजोरी बंदच राहते. डॉक्टर म्हणतात, दुपारपर्यंत काही केलं नाही तर..."

हेमांगीनं मोबाइल आणला. घाईघाईनं 'निःशंक' पुन्हा उतरवून घेतलं. पण सोडून गेलेल्या माणसाला ते असं सहज आत घेत नाही. पडद्यावर लिहून आलं : 'तुम्हाला ओळखणारी, आमच्याकडं तिजोरी असलेली एक व्यक्ती समोर उभी हवी. तिची साक्ष घ्या.' प्रसन्नचा उपयोग नव्हता, त्याची तिजोरी तिनं आपल्यासोबत दुसरीकडं हलवली होती. समोर उभी होती ती रेवतीच.

रेवतीनं मोबाइलला मोबाइल टेकवला आणि पडद्यावर बोट ठेवलं. पहिला प्रश्न आला : ही हेमांगी घोरपडेच आहे का? हो. हिरवं. दुसरा प्रश्न : तिच्यावर तुमचा विश्वास आहे का? रेवतीनं लगेच हो दाबलं. पडदा पिवळा झाला. 'तुमचं बोट तसं म्हणत नाही. शांतपणे पुन्हा सांगा.'

हेमांगीला हे चांगलंच माहीत होतं. बोटातली नाडी आणि घाम बघून ते खरं-खोटं ओळखतं, कुणी धाक दाखवून हो म्हणवून घेऊ नये म्हणून. सभेत याच गोष्टीचं तिनं तोंड भरून कौतुक केलं होतं.

"मी हो म्हटलं, ताई," रेवती रडवेली झाली. "खरंच म्हटलं." तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा पिवळं. खाली बारीक अक्षरांत आलं, आणखी एकदा चुकलं तर आज साक्ष घेतली जाणार नाही.

"थांब!" हेमांगीनं तिचा हात धरला. "दाबू नकोस. तू कशी म्हणशील हो? कुंड्यांची तक्रार मी केली. सहलीच्या यादीतून तुझं नाव मी काढलं. आणि तू तिजोऱ्यांत डोकावतेस ही अफवा, तीही माझीच. तू काहीच केलं नव्हतंस. शलाकानं तुला वाटा दिला आणि मला नाही, म्हणून मी जळत होते तुझ्यावर. आत्ता या क्षणीही जळतेय, कारण तिला दवाखान्यात नेलं तेव्हा तू तिच्याजवळ होतीस आणि मी इथं चहा पीत बसले होते. हे सगळं खरं आहे."

रेवतीनं हात सोडवून घेतला. तिचा चेहरा लाल झाला.

"ती अफवा तुमची? ताई, मी आठवडाभर रडत होते. घर सोडून परत कुडाळला जाऊया म्हणत होते नवऱ्याला."

"हं."

"लाज नाही वाटली तुम्हाला?"

"वाटतेय. आता दाब. जे मनात असेल ते."

"आत्ता? आत्ता तर मला तुमचा असा संताप आलाय की..." रेवतीनं डोळे पुसले, बोट पडद्यावर टेकवलं आणि हो दाबलं.

हिरवं.

दोघीही पडद्याकडं बघत राहिल्या. रेवतीलाच जास्त आश्चर्य वाटलं होतं.

तेवढ्यात अडकून पडलेला निरोप आत आला. 'शलाका जाधव यांनी तुम्हाला पहारेकरी नेमलं आहे. निर्णय घेण्याआधी त्यांचा आवाज ऐका.' ऐकल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. हेमांगीनं दाबलं आणि शलाकाचा तो बसका, हसरा आवाज जिन्यात घुमला.

"हेमा, तू हे ऐकतेयस म्हणजे मी कुठंतरी आडवी पडलेय आणि माझी मंडळी तिजोरीभोवती जमलीत. तू म्हणाली होतीस, तो सहावा रकाना रिकामा सोडा. मी नाही सोडला. पाच पंच काय गं, चांगली माणसं आहेत सगळी. पण चांगली माणसं घाबरली की सगळंच उघडून बसतात. मला अशी कुणीतरी हवी होती, जी माझ्या वस्तूला दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. तुझ्याइतकी जळकी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी कुणाशी जरा हसून बोलले तरी तुझा चेहरा पडतो, मला काय दिसत नाही? म्हणून तू. पंच नाही केलं म्हणून फुगली असशील. फुग. पण लागेल तेवढंच उघड, हेमा. बाकीच्याला कुणाला हात लावू देऊ नकोस. तूही लावू नकोस."

हेमांगीला एकाच वेळी शलाकाला मिठी मारावीशी वाटली आणि तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

तिजोरीतले खण पडद्यावर आले. खणांची नावं फक्त पहारेकऱ्यालाच दिसतात. घर. बँक. डोक्यातलं यंत्र. आणि सगळ्यांत खाली, माझं एकटीचं. वर एक मोठं बटण होतं : सगळं उघडा.

रेवतीच्या मोबाइलवर दवाखान्यातून विक्रांतचा चेहरा आला. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"वहिनी, मिळालं? सगळंच उघडा ना! कशात काय ठेवलंय ते शोधत कुठं बसायचं? आणखी काही आजार लपवला असेल तर?"

"सापडलंय मला. वेगळा खण आहे त्याचा."

"मग बाकी काय काय आहे? वहिनी, मी नवरा आहे तिचा." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "मला कळायला नको?"

रेवतीही नकळत पुढं वाकली होती. हेमांगीनं मोबाइल छातीशी धरला. माझं एकटीचं! इतक्या वर्षांचा चहा, आणि या बाईचं एक एकटीचं आहे, ज्यात आपण नाही. काय असेल त्यात? आपल्याबद्दल काही? रेवतीबद्दल? की तिसऱ्याच कुणाबद्दल? एका बोटाचं काम होतं. घाईत सगळं उघडलं, असं म्हटलं असतं तर कुणी बोल लावला नसता. हेमांगीच्या पोटात आग पडली होती. पण त्या आगीला आज वेगळीच दिशा होती. आपल्याला मिळत नाही, तर या विक्रांतला का मिळावं? या रेवतीला का? कुणालाच नाही मिळणार.

"विक्रांतदादा, तुम्हाला काय करायचंय बाकीचं?" ती फटकारून म्हणाली. "डॉक्टरांना द्या फोन."

डॉक्टर बागवान बाई पडद्यावर आल्या. "मला फक्त यंत्राचा कोड हवाय. दुसरं काही नको."

"मग तेवढाच घ्या." हेमांगीनं एकच खण उघडला. कोड पंचांकडं गेला, विक्रांतनं तो मोठ्यानं वाचला, डॉक्टरांनी कुणाला तरी हाक मारली आणि फोन बंद झाला. बाकीचे खण आपोआप मिटले. हेमांगी तिथंच जिन्याच्या पायरीवर बसली आणि रेवती शेजारी बसली. मग रेवती म्हणाली, "चला, माझ्या मागं बसा, दवाखान्यात सोडते." हेमांगी चपला न घालताच निघाली.

शलाका वाचली. शस्त्रक्रिया लांबली, नंतरचे दिवसही कठीण गेले, पण वाचली. त्या दिवसांत हेमांगी आणि रेवती आळीपाळीनं दवाखान्यात बसत. पाळी बदलताना दोघी खालच्या कँटीनमध्ये चहा घेत. पहिल्यांदा नुसताच चहा, मग थोडं बोलणं. सुजाताला आणि माने काकूंना हेमांगीनं स्वतः जाऊन सांगितलं की अफवा तिची होती. माने काकूंनी तिला अर्धा तास उभं करून ऐकवलं, तेही तिनं ऐकून घेतलं.

शलाकाला बोलता यायला लागल्यावर एका दुपारी हेमांगी मऊ भात आणि वरण घेऊन गेली. शलाकाचं अर्धं डोकं भादरलेलं, त्यावर पट्टी. एक हात अजून नीट उचलत नव्हता. हेमांगीनं तिला घास भरवला.

"मला दिसलं," शलाका हळूहळू म्हणाली. "कुठला खण उघडला ते तिजोरी सांगते. एकच उघडलास."

"तुझ्या नवऱ्याला सगळं हवं होतं."

"आणि तुला?"

"मला तर सगळ्यांत जास्त." हेमांगीनं चमच्यातला भात निवू दिला. "काय आहे गं त्यात?"

शलाका हसली. तोंड एका बाजूलाच वळलं, पण हसू तेच होतं. "नाही सांगणार."

"नको सांगूस. हे खा."

शलाकानं घास गिळला. "उद्या तू नको येऊस. दमलीस. उद्या दिवसभर रेवती थांबते म्हणालीय. तिच्याशी बोलायला मला बरं वाटतं."

हेमांगी थांबली. नेहमीसारखं पोटात काहीतरी पेटेल म्हणून ती वाट बघत होती. काहीच झालं नाही. रेवती येईल, सोलकढी आणेल, ही दोन घास जास्त जेवेल, एवढंच मनात आलं. तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट ती घाबरली. तिनं वाटी खाली ठेवली, पदरानं शलाकाचं तोंड पुसलं आणि तो हात तसाच तिच्या गालावर ठेवला.

"शलाका, एक विचारू? मी उद्यापासून जळायचंच थांबले, तर सहावी म्हणून तू दुसरी कुणी शोधशील का गं?"